बरणीच्या तळाशी चार बोटं

माझ्या मित्राला एखादी गोष्ट आवडली तर तो तसं म्हणत नसे. शहाद्याजवळ, लोणखेड्याच्या पलीकडे गोमाईच्या काठी त्याची शेती होती. गुजर घरातला माणूस. केळी, ऊस, कापूस आणि एका तुकड्यात दादर ज्वारी. बोलायला काटकसरी. आमच्या बैठकीत आसव चाखून झालं की तो आपला पितळी पेला घोंगडीवर ठेवी, किंवा पुन्हा पुढे करी. ठेवला तर विषय संपला. पुढे केला तर ज्याच्या बरणीतलं असेल त्याने त्या वर्षापुरतं स्वतःला राजा समजावं. तोंडी मत विचारलं तर चांगल्याला आणि वाईटाला त्याचं एकच उत्तर असे, "बरी शे."

वीस वर्षं मी त्या पेल्याकडे बघत आलो. शाळेत मास्तर होतो, त्यामुळे दुसऱ्यांची परीक्षा घेण्याची सवय होती. आपली देण्याची नव्हती. आमचं दोघांचं लहानपण एका नदीत पोहण्यात गेलेलं. तरीही त्या पेल्याच्या बाबतीत मी त्याला ओळखत नव्हतो असंच म्हणायला हवं.

जे आम्ही पीत होतो त्याला दारू म्हणणं कायद्याच्या दृष्टीने धोक्याचं होतं आणि चवीच्या दृष्टीने अन्यायाचं. परवाना नसताना घरी काही आंबवायला सरकारची बंदी होती. त्यावर आमच्या बैठकीतल्या वैद्यबुवांनी उपाय काढला होता. प्रत्येक बरणीवर ते स्वतःच्या हाताने 'जांभूळासव, अग्निमांद्यावर' अशी चिठ्ठी चिकटवीत. आमच्यात अग्निमांद्य कुणालाच नव्हतं. बुवांना तर मुळीच नव्हतं; हुरड्याच्या दिवसांत ते एकटे दोघांचा हुरडा संपवीत. पण चिठ्ठी होती म्हणून आम्ही रोगी होतो, आणि रोगी होतो म्हणून निर्धास्त होतो.

माझी बरणी वडिलांची. चिनी मातीची, बाहेरून तपकिरी, तोंडाशी एक टवका उडालेली. वडील असताना पद्धत ठरलेली होती. ज्येष्ठ सरता सरता जांभळं पिकली की ती कुस्करायची, गूळ घालायचा, सातपुड्यातून बाजाराला येणाऱ्यांकडून आणलेली धायटीची सुकी फुलं आंबायला मूठभर टाकायची, तोंडाला फडकं बांधून त्यावर मातीचा लेप द्यायचा आणि बरणी भुशात गळ्यापर्यंत पुरायची. हे सगळे करीत. आमच्या घरचं वेगळं इतकंच की बरणी कधी पूर्ण रिकामी होत नसे. तळाशी चार बोटं गाळ राखायचा आणि पुढच्या साली त्याच्यावरच नवा रस ओतायचा. दह्याला विरजण तसं आसवाला हे. वडिलांना त्यांच्या आईने सांगितलं होतं, तिला कुणी सांगितलं ते कुणी विचारलं नव्हतं. तो गाळ जांभळाच्या रंगाचाही राहिला नव्हता. काळपट, साईसारखा जाड, वास घेतला तर भिजलेल्या घोंगडीसारखा. पण त्यावरचं आसव उतरलं की घोंगडी कुठल्या कुठे जाई आणि जिभेच्या मागच्या टोकाला एक हलका कडूपणा राही. तो कडूपणा हे आमचं घराणं होतं.

बैठक पौषात भरे. मित्राच्या शेतात, विहिरीजवळच्या आंब्याखाली, दुपारी. आगटीवर दादरची कणसं भाजली जात, तिळाची चटणी असे, आणि ज्याने त्याने आपापली बाटली आणलेली असे. मित्राच्या शेताची राखण करणारा एक म्हातारा भिल्ल होता, त्याला सगळे बाबा म्हणत. कुणी पहिला घोट घ्यायच्या आधी बाबा प्रत्येक बाटलीतले चार थेंब जमिनीवर सांडत असे. पूर्वजांचे. मग एक घोट स्वतः घेई, आणि मगच आम्ही. हा क्रम आमच्या जन्माआधीचा. माझ्या वडिलांच्या आसवाचे थेंबही त्यानेच जमिनीला दिलेले.

या सुखात एके साली वकीलसाहेब आले.

नुकतेच शहाद्याच्या कोर्टात वकिली करायला आले होते. पुण्याचं शिक्षण, मुंबईला दोन वर्षं कुणा पारशी बॅरिस्टराच्या हाताखाली उमेदवारी. त्यांना बैठकीत आणलं वैद्यबुवांनी, कारण वकीलसाहेबांचं पोट खरोखरच बिघडलं होतं आणि बुवांना आपल्या चिठ्ठीतला एखादा तरी रोगी प्रत्यक्ष दाखवायचा होता.

वकीलसाहेब येताना एक पेटी घेऊन आले. आत निळं मखमल आणि मखमलीच्या खाचांत सहा काचेचे पेले, उंच पायांचे. आम्ही फुलपात्रातून पिणारे लोक. मित्राने एक पेला दोन बोटांत धरून उलटासुलटा बघितला.

"याले पाय कसाले, साहेब?" त्याने विचारलं. "पळी जाई का?"

वकीलसाहेब मोकळेपणाने हसले. हेच मला पहिल्यांदा खुपलं. बढाईखोर माणसाने हसू नये, म्हणजे त्याला नावं ठेवायला सोपं जातं. मित्राने काचेचा पेला पेटीत परत ठेवला आणि आपला पितळी काढला. मला बरं वाटलं.

बाबा थेंब सांडायला लागला तेव्हा वकीलसाहेब घाईने म्हणाले, "अरे, अरे, सांडतंय!" कुणीतरी त्यांना समजावलं. त्यांनी लगेच टोपी काढून हातात धरली आणि थेंब पडेपर्यंत उभे राहिले. बाबा त्यांच्याकडे बघून खूश झाला. आम्ही वीस वर्षं बसून होतो.

मग त्यांनी माझं आसव उन्हासमोर धरलं, पेला गरगर फिरवला, नाक आत घातलं. किती तरी वेळ नाक बाहेर आलं नाही.

"हिचं अंग हलकं आहे," ते म्हणाले, "पण शेवट लांब आहे."

"अंग हलकं असेल तर सुंठ द्यावी," वैद्यबुवा म्हणाले.

"आणि गावठी असूनही," वकीलसाहेब माझ्याकडे वळून आदराने म्हणाले, "फार चांगली आहे हो, मास्तर."

मित्राचा पेला त्या दिवशी माझ्यासमोर दुसऱ्यांदा आला. नेहमीप्रमाणे. पण मी घरी परतलो तो पेला घेऊन नाही, 'गावठी असूनही' घेऊन. पुढच्या साली आपणही करून बघणार असं वकीलसाहेबांनी निघताना जाहीर केलं होतं. मित्राने त्यांना भुशाची दोन पोती देऊ केली होती. मागितली नव्हती, देऊ केली होती.

पोती बैलगाडीतून वकिलांच्या दारी गेली ती मी शाळेच्या खिडकीतून बघितली. मागे केळीचा एक घडही होता. घड भुशाला लागत नाही.

मी मुंबईहून व्ही.पी.ने एक इंग्रजी पुस्तक मागवलं. घरच्या घरी फळांची वाईन करण्यावर होतं, इंग्लंडातल्या कुणा पाद्र्याच्या विधवेने लिहिलेलं. बाई फार स्वच्छ होत्या. तिसऱ्या प्रकरणात त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं की जुना गाळ म्हणजे घाण. भांडं उकळत्या पाण्याने आणि सोड्याने धुवावं, गंधकाची धुरी द्यावी, नाहीतर आधीच्या सालचे सगळे दोष नव्यात उतरतात. मी ते वाक्य पेन्सिलीने अधोरेखित केलं. मखमलीच्या पेटीची आयुष्यभर थट्टा करू शकणारा मी, छापील इंग्रजीसमोर टोपी काढून उभा राहिलो आणि ते मला कळलंही नाही.

ज्येष्ठात मी वडिलांची बरणी अंगणात आणली आणि नालीत उलटी केली. बायको ओसरीवर उभी राहून बघत होती.  दोन हंडे आधणाचं पाणी, मूठभर सोडा, गंधकाची धुरी. अर्धा दिवस आळीत कुणाला नाक उघडं ठेवता येईना. बरणी आतून अशी पांढरी निघाली की मला प्रथमच कळलं, ती मुळात पांढरी होती.

त्या पौषात मी मोठ्या आशेने शेतावर गेलो. विधवेची एकही सूचना मी चुकवली नव्हती. आसव काचेसारखं नितळ उतरलं होतं. वकीलसाहेबांचं गढूळ होतं. त्यांनी ते साध्या बाटलीत भरून आणलं होतं आणि त्याबद्दल ते थोडे संकोचलेही होते. दोन्ही बाटल्या घोंगडीवर शेजारी ठेवलेल्या बघून वैद्यबुवा म्हणाले, "मास्तर, तुमची तर औषधासारखी दिसते." मी ते कौतुक समजलो.

बाबाने माझ्या बाटलीतले थेंब सांडले, घोट घेतला, तोंड पुसलं.  मग वकिलांच्या बाटलीतले सांडले, घोट घेतला, आणि जरा थांबून दुसरा घेतला. आणि माझ्याकडे बघून, सुरकुत्यांतून हसत म्हणाला,

"मास्तर, औंदा बी तुम्हनीच खरी."

सगळे खदखदून हसले. "बाबा, ती वकीलसाहेबांची!" बुवा म्हणाले. "मास्तरांची अलीकडची!"

बाबाने दोन्ही बाटल्यांकडे आलटून पालटून पाहिलं. "नही," एवढंच म्हणाला आणि आगटीकडे कणसं बघायला गेला.

"वय झालं," वकीलसाहेब हळूच म्हणाले. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले. त्या कनवाळूपणाइतकं वाईट मला दुसऱ्या कशाचंच वाटलं नाही.

मित्राने माझं आसव प्यायलं. पेला घोंगडीवर ठेवला. मी त्या पेल्याकडे बघत राहिलो. तो कलंडला होता आणि तळाचा एक थेंब लोकरीत मुरत होता. "बरी शे," मित्र म्हणाला. मग वकिलांची बाटली आली. त्याने एक घोट घेतला, दुसरा घेतला, नदीच्या बाजूला कुठेतरी बघितलं, आणि पेला पुढे केला. वकीलसाहेबांना त्या खुणेचा अर्थ माहीत नव्हता. "आणखी हवं का? घ्या, घ्या," म्हणत त्यांनी ओतलं. राजाला राज्य मिळालं आणि त्याला वाटलं, माणसाला तहान लागली आहे. पेला तिसऱ्यांदाही पुढे आला. तिसऱ्यांदा तो माझ्यासमोर कधीही आलेला नव्हता.

मी वकिलांचं आसव चाखलं. अगदी थोडं, खोट काढण्यापुरतं. जिभेच्या मागच्या टोकाला तो हलका कडूपणा उतरला तेव्हा मला कुणीतरी माझ्याच घरात शिरून माझ्याच खाटेवर झोपलंय असं वाटलं. चोरी झाली आहे याबद्दल शंका राहिली नाही. काय चोरलं आणि कसं, एवढंच कळत नव्हतं.

पुढचा महिना मी कसा काढला ते सांगायला लाज वाटते, म्हणून थोडक्यात सांगतो. शाळेत जायचा रस्ता बदलून मी वकिलांच्या दारावरून जायला लागलो. त्यांच्या परसात वाळत घातलेली धायटीची फुलं मी कुंपणावरून मोजली. मित्राची गाडी त्यांच्या दारी दोनदा दिसली, आमच्या दारी एकदा, आणि त्या एकदा तो बायकोकडे मिरच्यांचं बी मागायला आला होता. मी घरात होतो. मी बाहेर आलो नाही. तो ओसरीवर बसून, पाणी पिऊन, बी घेऊन गेला. जाताना विचारलं म्हणे, "मास्तर कोठे शे?" बायको म्हणाली, पुस्तक वाची ऱ्हायनात.

एका रविवारी मी अबकारी खात्याला निनावी पत्र लिहायला बसलो. शहाद्यातील एक प्रतिष्ठित वकील परवान्याशिवाय, वगैरे. अर्ध्या पानावर माझ्या ध्यानात आलं की गावातल्या निम्म्या कारकुनांना अक्षर मीच गिरवायला लावलं आहे. हे पत्र ज्याच्या हातात पडेल तो आधी माझ्या वळणाला नमस्कार करील आणि मग वाचील. डाव्या हाताने लिहून बघितलं. ते इतकं वाईट आलं की मास्तर म्हणून पाठवावंसं वाटेना. शिवाय माझ्या स्वतःच्या बरणीवरही चिठ्ठीशिवाय दुसरं संरक्षण नव्हतं. पत्र बंबात घातलं. सद्बुद्धी झाली असं नाही. भीती वाटली.

शेवटी एका दुपारी जेवताना सगळं बाहेर पडलं. दही वाढता वाढता बायकोने विचारलं, चव का नाही लागत म्हणून, आणि मी वकिलांवर घसरलो. चोर म्हणालो. पुण्याचे लोक असेच, म्हणालो. आपल्या घरची चव त्याच्या बाटलीत कशी आली ते त्याने एकदा समोर बसून सांगावं, म्हणालो. आम्ही घरात अहिराणीच बोलत होतो. शिव्यांना तीच बरी पडते. बायकोने दह्याचं भांडं खाली ठेवलं.

"मीच दिधं," ती म्हणाली.

"काय दिधं?"

"इरजन. तुम्ही बरणी नालीमा उलटी कराले लागनात, तवय मी आधीच वाटीभर काढी लिधं व्हतं. दुसऱ्या दिनले वकीलनी बायको उनी. दह्याले इरजन मांगं. मंग ईचारं, जांभूयना आसवले काय लागस? मी सांगं, हाई लागस. दी टाकं."

माझा घास हातातच राहिला. "अन् मले काबरं सांगं नही?"

"तुम्ही पुस्तक वाची ऱ्हायंतात."

"पन त्याले कसाले दिधं? त्यालेच?"

"त्याले नही दिधं. तिले दिधं," ती म्हणाली. "इरजन मांगाले कोनी दारमा उनं तर नही म्हनतस का? तुम्हनी मायनी कधी कोनले नही म्हनं?"

म्हटलं नव्हतं. आमच्या भागात दिवसाउजेडी विरजण मागितलं तर वैऱ्यालाही नाही म्हणत नाहीत. मी तेवढ्यात दुसऱ्याच गोष्टीचा हिशेब करीत होतो. म्हणजे म्हातारा चुकला नव्हता! म्हणजे तो तीनदा पुढे आलेला पेला माझा होता. पुढच्या बैठकीत उभं राहायचं आणि शांतपणे, अगदी सहज, सांगायचं. वकीलसाहेबांचा चेहरा, बुवांचा चेहरा, मित्राचा चेहरा. मी पाटावरच वाक्यं जुळवायला लागलो.

बायकोला माझी वाक्यं तोंड न उघडताही ऐकू येत. "बोली दाखाडानं नही," ती म्हणाली. "इरजन दिधं ते बोली दाखाडं तर घरनं दही फाटस."

मी थोडंफार वाचलेला माणूस होतो. दही कशाने फाटतं हे मला माहीत होतं आणि त्यात माणसाच्या बोलण्याचा उल्लेख कुठे नव्हता. मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, बरणी धुतल्याने आसव सुधारतं हेही वाचलं होतं ना. त्यानंतर आम्ही दोघांनी जेवण संपवलं.

पण खरी अडचण दह्याची नव्हती. ज्येष्ठ जवळ येत होता. माझी बरणी कोरी पांढरी होती, आणि वडिलांचा गाळ साऱ्या जगात आता एकाच ठिकाणी शिल्लक होता. मी बायकोला म्हटलं, तू जा आणि वकिलांच्या बायकोकडून वाटीभर आण.

"फेकं कोनी?" तिने विचारलं. "मंग मांगाले बी तुम्हीच जा. अन् वाटी रिकामी लई जाऊ नका."

विरजण मागायला पुरुष जात नाहीत. आमच्या आळीत तरी मी कुणाला जाताना बघितलं नव्हतं. वाटीत गुळाचा खडा टाकला, वर उपरणं झाकलं आणि चारच्या सुमाराला निघालो. रस्त्यात भेटलेल्या दोघांनी विचारलं, "काय मास्तर, कोठे?" आणि दोघांची नजर उपरण्याच्या फुगवट्यावर होती.

वकीलसाहेब ओटीवर आरामखुर्चीत होते. उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसले. मी दोन-तीन वाक्यं पावसाबद्दल, एक शाळेच्या तपासणीबद्दल बोललो, आणि मग उपरणं काढलं. म्हणालो, यंदा माझ्याकडे गाळ राहिला नाही. थोडा मिळाला तर.

त्यांचा चेहरा उजळला. "गाळ!" ते म्हणाले. "मास्तर, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. लोक गाळ फेकून देतात हो. अडाणीपणा, दुसरं काय! गाळ म्हणजे बी. गाळ म्हणजे आसवाचं घराणं समजा. फ्रान्समध्ये तर पिढ्यानपिढ्या राखतात. मी घरात पहिल्या दिवसापासून बजावून ठेवलंय, तळाची चार बोटं हलवायची नाहीत."

आतून बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला.

"चार बोटं का?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"अनुभव," वकीलसाहेब म्हणाले. मग जरा विचार करून प्रामाणिकपणे भर घातली, "तसं चारच का ते नाही सांगता येणार. पण चारच."

त्यांनी मला पाऊण तास सांगितलं. गाळ कसा राखावा, फडकं कसं बांधावं, उन्हाळ्यात बरणी कुठे ठेवावी. निम्मं बरोबर होतं आणि ते सगळं माझ्या वडिलांचं होतं. उरलेलं निम्मं फ्रान्सचं होतं. मी मान हलवत होतो. शाळेत माझ्यासमोर मुलं अशीच मान हलवीत आणि त्यातली काही मनात काय म्हणत असतील याची मला त्या दिवशी प्रथम कल्पना आली.

मग वहिनी बाहेर आल्या. हातात भरलेली वाटी होती, पितळी, काठाला पोचा आलेली. तो पोचा मी ओळखला. लहानपणी मीच ती वाटी जिन्यावरून सोडली होती.

"ही तुमच्याच घरची," त्या म्हणाल्या. "द्यायची राहून गेली. रिकामी कशी पाठवायची म्हणून थांबले होते." त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या नजरेत विनंती होती. नवऱ्यासमोर नको, एवढीच.

"वा, योगायोग!" वकीलसाहेब म्हणाले.

वाक्यं सगळी तयार होती. जिभेवरच होती. मी वाटीवर उपरणं झाकलं, आणलेला गूळ वहिनींच्या हाती दिला आणि उठलो. कुणाचं मन राखलं, संसार सांभाळला, असं काही माझ्या नावावर लिहू नये. हातात भरलेली वाटी असताना माणूस भांडत नाही, सांडते. पायऱ्या उतरताना वकीलसाहेब मागून म्हणाले, "काही अडलं तर केव्हाही विचारा, मास्तर. संकोच करू नका!"

त्या साली मी विधवेचं पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं आणि बरणीला हात लावला नाही. सगळं बायकोने केलं.

पौषात आंब्याखाली घोंगडी पडली. माझी बाटली गढूळ होती, वकिलांचीही. बाबाने माझ्या बाटलीतले थेंब सांडले, घोट घेतला आणि बाटली खाली ठेवून उठायला लागला.

"बाबा, दुसरी राहिली," वकीलसाहेब म्हणाले.

"एकच ते शे," बाबा म्हणाला.

वकीलसाहेबांनी त्याला दोन्हींतला फरक समजावून सांगितला. अंग, शेवट, सगळं. बाबाने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांचा मान राखायला त्यांच्या बाटलीतलेही चार थेंब जमिनीला दिले.

मित्राचा पेला माझ्यासमोर दुसऱ्यांदा आला. मी जरा घाईने ओतलं, थोडं त्याच्या बोटांवर सांडलं. त्याने बोटं चाटली. वकिलांसमोरही दुसऱ्यांदा आला.

संध्याकाळी तो मला नदीपर्यंत पोचवायला आला. असं तो पूर्वी नेहमी करी. मधल्या साली मीच आधी उठून गेलो होतो. पाण्यापाशी आल्यावर म्हणाला, "मांगला सालले वकीलनी पिधी ना, तवय मले तुन्हा बापनी याद उनी. तठेच बसाना तो, आंबाखाले. म्हनीसन पेला पुढे करा."

मी थांबलो. "मंग तवयच काबरं बोलना नही?"

"तू ईचारं नही," तो म्हणाला. "अन् तू भू रागमा व्हता."

"राग नही व्हता."

"मंग काय व्हतं?"

  त्याने एक खडा उचलून पाण्यात फेकला, मीही फेकला. लहानपणी त्याचा लांब जायचा, त्या दिवशीही गेला.

पुढे कितीतरी वर्षं बैठक भरत राहिली. वकीलसाहेबांना गाळ कुठून आला ते त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि आमच्या घरचं दही कधी फाटलं नाही. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं बायको मानते. वकीलसाहेब माणूस चांगला होता. माझ्या आजारपणात ते रोज येऊन बसले आणि रोज मला गाळाबद्दल काहीतरी सांगून गेले. मित्राचा पेला दोघांसमोर सारखाच येई. एक साल सोडलं तर. त्या साली तो माझ्यासमोर दोनदा आला आणि वकिलांसमोर तीनदा. एकाच घरचा गाळ, एकाच झाडाची जांभळं. मी मित्राला विचारलं नाही. त्या दिवशी तिखट चटणी जास्त झाली असेल आणि तिसऱ्यांदा त्याला खरोखरच तहान लागली असेल, हे मला तेव्हाही पटलं होतं आणि अजूनही जवळजवळ पटतं.